चंद्रीचा चीक

नियम बापूसाहेबांचाच होता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. नंतर भावकीतल्या सगळ्यांनी सारजाच्या, बापूसाहेबांच्या बायकोच्या, नावानं बोटं मोडली. पण त्या दिवशी सकाळी ओसरीवर उभं राहून, खडा आवाज लावून, नियम सांगितला तो बापूसाहेबांनीच.

झालं होतं असं. चंद्री म्हैस पहाटे व्याली. पहिलारू म्हैस, आणि झाली पारडीच. पारडीला पोटभर पाजून सारजानं उरलेला चीक चरवीत काढला. पहिल्या धारेचा, पिवळाधमक, बोटावर घेतला तर ओघळू नये असा दाट. आणि वास लागल्यासारखा महिपती ॲल्युमिनियमची किटली घेऊन दारात हजर. महिपती म्हणजे बापूसाहेबांचा धाकटा भाऊ. घर शेजारीच, पण दिवसातले सहा तास तो थोरल्याच्या ओसरीवर असायचा.

"दादा, लिटरभर चीक द्या. इंदापूरच्या सायबाला पाठवतो. लई आवड हाय त्यास्नी."

बापूसाहेब दात घासत होते. चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "चीक काय बाजारातली मेथी हाय व्हय रं? कुणाबी सायबाला द्यायला?"

"आवो, माझं काम आडलंय."

"मग काम कर. आपल्या आबाजींनी तीनशे मेंढरं राखली, पर चिकाचा थेंब कधी इकला न्हाय, का परक्याच्या घरी धाडला न्हाय. चीक आधी बिरोबाला, मग घरच्यास्नी. जो चीक खाईल त्यो घरचा. जो घरचा न्हाय त्याला चीक न्हाय. हे ह्या घरात मी हाय तवर चालनार."

महिपती रिकामी किटली हलवत गेला. सारजानं हे सगळं चुलीपाशी बसून ऐकलं. उजव्या कानानं. डावा कान गेली दोन वर्षं अधू होता. गोठ्यात पाय घसरला आणि दावणीच्या खुंटीवर आपटले, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. घरात आता सवयच पडली होती. तिला काही सांगायचं तर उजवीकडून सांगायचं, आणि तिच्या देखत पण तिला कळू न देता बोलायचं तर डावीकडून.

*

चंद्री ही प्रतिक्षाची, म्हणजे सारजाच्या लेकीची, म्हैस. पारडी असतानाच तिची आई साप चावून मेली. लेकीनं बाटलीनं दूध पाजून तिला जगवलं, कपाळावरचा पांढरा ठिपका बघून नाव ठेवलं. पुढं प्रतिक्षा बारामतीला कॉलेजात गेली, तिथं सुमितशी तिचं जुळलं, आणि एके दिवशी कोर्टात लग्न करून मोकळी झाली. सुमित बौद्धाचा. चांगला शिकलेला, दूध शीतकरण केंद्रात नोकरीला. पण बापूसाहेबांनी त्याच संध्याकाळी सांगितलं की ह्या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. दोन वर्षं कुणी घेतलं नाही. तिनं ठेवलेलं म्हशीचं नाव मात्र दिवसातून दहादा घेतलं जायचं. सारजा तर जास्तच घ्यायची.

दुपारी चारच्या सुमाराला सारजा तांदूळ निवडत बसली होती, आणि तिची सून ज्योत्स्ना धावत आत आली.

"आत्याबाई, पावनं आल्यात."

"कोन?"

ज्योत्स्नाला नाव घेता येईना. ती ह्या घरात येऊन वर्षच झालं होतं, तिनं नणंदेला आणि सुमितला फक्त एका फोटोत बघितलं होतं, तोही आपल्या नवऱ्याच्या, शंभूराजच्या, पाकिटात लपवलेल्या. "बारामतीवरनं," ती म्हणाली. "त्या एकट्या न्हाईत. सासूबाई हाईत संगट. आन... सातवा म्हैना आसंल बगा, आत्याबाई."

सारजाच्या हातातलं सूप कललं आणि निवडलेले तांदूळ खड्यांत मिसळले.

आनंद झाला असं म्हणावं, तर तो झालाच नाही. आधी आला तो राग. दोन वर्षं! एक चिठ्ठी नाही, कुणाच्या हाती सांगावा नाही, आई मेली का जगली विचारलं नाही. आणि आता पोट घेऊन दारात? ती उठलीच नाही. खिडकीच्या गजांतून बघत राहिली.

प्रतिक्षा ओसरीवर चढलीच नव्हती. ती अंगणातून सरळ गोठ्याकडं गेली होती. ओसरीवर, प्लास्टिकच्या खुर्चीत, पाठ ताठ ठेवून अक्काबाई बसल्या होत्या. सुमितची आई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. पांढरी सुती साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. समोर बापूसाहेब, आणि महिपती होताच.

"मी मागायला आलेली नाही," अक्काबाई म्हणत होत्या. आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ही आपली रीत आहे, तुमचीही आणि आमचीही. पोरगी रोज रात्री उशी भिजवते. म्हणून एकच विचारायला आले. हिला बाळंतपणाला इथं आणायची का नाही? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. नाही म्हणालात तर माझं घर समर्थ आहे. पण उत्तर तुमच्या तोंडून ऐकून जाणार."

"मास्तरीणबाई," बापूसाहेब म्हणाले. विहीणबाई म्हणाले नाहीत. "च्या घ्या. साडेपाचला गाडी हाय परतीची."

"मी गाडीची वेळ विचारली नाही."

बापूसाहेबांनी नजर अंगणाकडं वळवली आणि मिशीवरून हात फिरवला. एवढंच उत्तर. तीस वर्षं सारजाला हेच उत्तर मिळत आलं होतं.

*

महिपती लगबगीनं स्वयंपाकघरात आला. अशा वेळी त्याच्या अंगात फार उत्साह यायचा.

"सूनबाई, शंभूनं त्यो चीजचा डबा आनलाय न्हवं बारामतीवरनं? फिरीजमदी आसंल. त्यो फोड. पावावर घाल, तव्यावर गरम कर, आन दे दोघींस्नी. धा मिंटाचं काम."

"तात्या, पोहे करते की. न्हायतर उप्पीट..."

"उप्पीट न्हाय. घरातलं कायबी नगं." त्यानं आवाज उतरवला आणि सारजाच्या डाव्या बाजूला सरकला. "डब्यातलं हाय, दुकानातलं हाय. आपल्या चुलीचं काय जात न्हाय. शिकल्याली मान्सं हाईत, त्यास्नी चीज आवडतंय, वाईट बी वाटायचं न्हाय. आन तुमच्या लग्नातल्या थर्माकोलच्या ताटल्या उरल्यात बघ माळ्यावर. त्यात दे. खाऊन झालं की उकिरड्यावर."

सारजाला सगळं ऐकू आलं. डावा कान अधू होता, गेलेला नव्हता, आणि महिपतीला दबक्या आवाजात बोलणं कधी जमलंच नव्हतं. तिच्या अंगाची लाही झाली. किती सफाईनं चाललं होतं सगळं! पूर्वी ओसरीखाली फुटक्या कानाचा वेगळा कप ठेवायचे. तो ठेवताना निदान कुणी त्याला पाहुणचार म्हणत नव्हतं. आता थर्माकोलची ताटली आली. दिसायला पांढरीशुभ्र, फेकायला सोपी.

पण तिचा सगळा राग अजून लेकीवरच होता. ती मागच्या दारानं गोठ्यात गेली.

प्रतिक्षा चंद्रीच्या मानेवर डोकं टेकून उभी होती. म्हैस तिचा पदर चाटत होती. पायाशी ओली पारडी धडपडत होती.

"म्हशीला भेटायला आलीस व्हय?" सारजा म्हणाली. "भेटून झालं आसंल तर जा."

प्रतिक्षा वळली. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली काळं. "आये..."

"आये म्हनू नगंस. दोन वर्सं आय आठवली न्हाय. मी मेले आसते तर? कुनाच्या हाती दोन ओळी धाडता आल्या न्हाईत? शिकल्यालीस न्हवं तू? मला वाचता येत न्हाय म्हनून लिवायचंच न्हाय?"

"सात चिठ्ठ्या लिहिल्या मी."

"खोटं बोलू नगंस."

"सात, आये! पहिली लग्नानंतर आठ दिवसांत. शेवटची दिवाळीला, दिवस गेल्याचं कळवायला. तुझ्या नावानं. एकाचंही उत्तर नाही. तूच मला टाकलीस असं समजून बसले मी. शंभूअण्णाला भेटायला कारखान्यावर गेले तर तो म्हणाला, घरात विषय काढू नको, आईला त्रास होतो." प्रतिक्षाचा आवाज चढला. "तुला त्रास होतो! आणि तू मला विचारतेस?"

पोस्टमन ओसरीवर यायचा. ओसरीवर बापूसाहेब बसायचे. एवढं साधं तिला दोन वर्षांत सुचलं नव्हतं, ह्याचीच तिला चीड आली.

"हितंच थांब," ती म्हणाली. "कुटं जाऊ नगंस."

*

स्वयंपाकघरात ज्योत्स्ना चीजच्या डब्याशी झटत होती. डबा पत्र्याचा, वर गाईचं चित्र, आणि फोडायचं हत्यार घरात नाही. तिनं सुरीचं टोक लावून बघितलं, विळी लावून बघितली.

"ज्योत्स्ना, खरं सांग," सारजा म्हणाली. "माझ्या नावाची चिठ्ठी कधी बघितलीस का घरात?"

ज्योत्स्नाचे हात थांबले. ती खाली बघून म्हणाली, "एक बघितली हुती. दिवाळीच्या टायमाला. मामंजींनी वाचली आन बंबात घातली."

"आन तू गप बसलीस."

"मी नवी हुते, आत्याबाई. मी काय करनार?" तिचे डोळे भरले. "त्यास्नी म्हनलं तर ते म्हनले, तू मधी पडू नगंस."

सारजाला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि दुसऱ्याच क्षणी ते वाटणं गेलं. ह्या घरात नवी असताना तीही गप्पच बसली होती. जुनी झाली तरी गप्पच होती. सात चिठ्ठ्या बंबात गेल्या, त्यावर पाणी तापलं, आणि त्या पाण्यानं नवऱ्याची पाठ तिनंच चोळून दिली होती.

ओसरीवरून बापूसाहेबांची हाक आली. "आगं ए, चीज झालं का? आना की भायेर! गाडीची येळ हुतीया."

सारजाच्या जन्माचं कुणी कधी चीज केलं नव्हतं, आणि आता तिच्या लेकीची बोळवण ह्या पत्र्याच्या चीजवर होणार होती. तिची नजर कोपऱ्यातल्या चरवीवर गेली. वर ओलं फडकं, आत चंद्रीचा चीक. सकाळी बिरोबाला वाटी दाखवली होती, बाकीचा रात्री शंभूराज उसाच्या ट्रॉल्या खाली करून आल्यावर वाफवायचा होता.

ती दारापर्यंत गेली, आणि मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "चीक आनू म्हनताय का?"

"व्हय, व्हय, तेच!" महिपती खेकसला. "लौकर, वयनी!"

"बरं," सारजा म्हणाली.

तिनं ज्योत्स्नाच्या हातातून डबा घेतला आणि धान्याच्या कणगीमागं सारला. "कुलूप लाव तुझ्या त्या डब्याला. मिरच्या दे चार. लसूण सोल. कोथमीर हाय का?"

"आत्याबाई, मामंजी..."

"मामंजीस्नीच इचारलं न्हवं आत्ता? तू ऐकलंस न्हवं?"

ज्योत्स्नानं सासूच्या तोंडाकडं बघितलं. मग पाट्यावर मिरच्या ठेवल्या आणि वरवंटा उचलला. तिथून पुढं ती सासूच्या बाजूची झाली.

गुळाचा खरवस वाफवायला अर्धा तास जातो. सारजाला एवढा वेळ नव्हता. तिच्या माहेरी, मेंढरांच्या वाड्यावर, बाप तीन दगडांच्या चुलीवर तिखटाचा चीक करायचा. भाकरी भाजायला लागतो तेवढ्या वेळात व्हायचा. तिनं लोखंडी तवा चुलीवर टाकला, तेल सोडलं, मिरची-लसणाचा ठेचा चुरचुरला तसं चिकात मीठ घातलं आणि सगळा चीक न ओतता त्यातला निम्माच तव्यावर ओतला. जाळ मागं ओढला. बघता बघता कडा धरू लागल्या. मधला भाग थरथरला, मग घट्ट झाला. उलथन्यानं तिनं चौकोन पाडले आणि एकेक उलटला. खालची बाजू बदामी झाली होती. वास घरभर झाला, ओसरीपर्यंत गेला. पण तिथं चिकाच्या वासाची अपेक्षाच नव्हती, त्यामुळं तो कुणाला ओळखू आला नाही.

"माळ्यावरच्या ताटल्या काढू?" ज्योत्स्नानं विचारलं. विचारताना तिच्या आवाजात पहिल्यांदाच खट्याळपणा होता.

"माझ्या ट्रंकंत तळाशी हाईत त्या काढ."

ट्रंकेत तळाशी स्टीलच्या सहा ताटल्या होत्या. प्रतिक्षा दहावी पास झाली त्या वर्षी सारजानं निमगावच्या बाजारातून घेतलेल्या, लेकीच्या लग्नात द्यायला. प्रत्येकीच्या कडेला भांडेवाल्यानं ठिपक्याठिपक्यांनी प्रतिक्षाचं नाव कोरलं होतं. सारजाला वाचता येत नव्हतं, पण त्या नावावरून तिचं बोट किती वेळा फिरलं होतं ते तिलाच माहीत.

*

सारजानं लेकीला दंडाला धरून ओसरीवर आणली आणि अक्काबाईंच्या शेजारी बसवली. एक ताटली अक्काबाईंच्या हातात दिली, एक तिच्या. कुणी काही बोलायच्या आत म्हणाली, "गरम हाय तवर खावा."

प्रतिक्षानं ताटलीच्या कडेवरचं नाव वाचलं. मग ताटलीत काय आहे ते बघितलं. तिनं आईकडं बघितलं, आणि पहिला तुकडा तोंडात टाकला. लगेच दुसरा टाकला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती चावत होती.

अक्काबाईंनी तुकडा मोडला, खाल्ला, थांबल्या. "हे चीज नाही," त्या म्हणाल्या. "हा चीक आहे का?"

"चंद्रीचा," सारजा म्हणाली.

"मी लहान असताना आमच्याकडं जनावर नव्हतं. गावात कुणाची म्हैस व्याली की आम्ही पोरं वासाला जाऊन उभी राहायचो. लांब. कधी कुणी दिला नाही." अक्काबाईंनी दुसरा तुकडा उचलला. "साठ वर्षांची झाले. पहिल्यांदा खातेय."

"चीक?" महिपती ओरडला. तो उठला आणि ताटलीत वाकून बघू लागला. "दादा, चीक घातलाय हिनं! सकाळी मला थेंब दिला न्हाई, सायबापुढं माझं तोंड काळं केलं, आन आता ह्यास्नी..."

"ह्यास्नी म्हणजे कुणाला?" अक्काबाई म्हणाल्या. ताटली त्यांनी खाली ठेवली नाही, उलट दोन्ही हातांनी धरली.

बापूसाहेब उभे राहिले होते. मान लाल झाली होती. "सारजे! तुला काय सांगितलं हुतं? चीज! डब्यातलं चीज सांगितलं हुतं!"

"मला चीक ऐकू आलं. मी इचारलं. भावजी म्हनलं, व्हय, तेच."

"मी चीज म्हनलं!" महिपती म्हणाला.

"मी चीक म्हनले. तुमी व्हय म्हनलात. आता माझा कान न्हाय चांगला, पर तुमचे दोनी हाईत न्हवं?"

"बहिरी झालीस का गं तू?" बापूसाहेब गरजले.

आणि तिथं सारजाचा ताबा सुटला. सुटला म्हणजे तिनंच सोडला.

"व्हय, झाले की! डाव्या कानानं. कवाधरनं झाले, तुमाला म्हाईत न्हाय? ही गेली त्या सांजंपासनं. तूच पळवलीस पोरीला म्हनून ज्या कानाखाली वाजवलीत न्हवं तुमी, त्योच ह्यो कान! गोठ्यात पाय घसरला म्हनून मी गावाला सांगितलं. पोराला सांगितलं. डाक्टरला सुदीक सांगितलं. दोन वर्सं तुमची आब्रू झाकतीया मी, आन तुमी माझ्या लेकीच्या चिठ्ठ्या बंबात घालताय? सात चिठ्ठ्या! माझ्या नावाच्या! माझा पाय कुटं घसरला न्हाय. घोट्यापर्यंत चिखलात हुभी ऱ्हाऊन बी कधी घसरला न्हाय माझा पाय."

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली आणि तिचा खडखडाट बराच वेळ ऐकू येत राहिला.

"बापू," प्रतिक्षा म्हणाली. ती कशीबशी उठली. "मी गेले म्हणून हिला मारलंत? मला का नाही मारलंत? बारामती काय लांब होती? यायचं होतं, मला मारायचं होतं!"

"बस तू," सारजा म्हणाली. "बस, आन खा. गार हुतंय." मग ती अक्काबाईंकडं वळली. राग तसाच होता, पण त्यांच्यासाठी तिनं आवाज खाली आणला. "विहीनबाई, तुमी उत्तर मागितलं. सकाळी ह्यांनीच हितं हुभं ऱ्हाऊन दिलंय. जो चीक खाईल त्यो घरचा. भावजी साक्षीला हुते, किटली घेऊन. तुमी खाल्ला. हिनं खाल्ला. हिच्या पोटातल्यानं बी खाल्ला. म्हैनाभरानं हिला हितं आनून सोडा. न्हाई सोडलीत तर मी येनार न्यायला."

"हे घर माझं हाय," बापूसाहेब म्हणाले. पण आवाज तितका खडा राहिला नव्हता.

"घर तुमचं. धार मी काढली, चीक माझा. आन नियम बी तुमचा. कुटला मोडू, सांगा."

बापूसाहेबांनी उत्तरासाठी महिपतीकडं बघितलं. आबाजींचा नियम त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितला होता, तोही धाकट्या भावाला खाली बघायला लावून. आता तो फिरवायचा तर महिपतीच्याच मदतीनं फिरवावा लागणार होता. आणि महिपतीच्या चेहऱ्यावर त्यांना दिसलं, की सकाळच्या रिकाम्या किटलीचा हिशेब तो अजून विसरलेला नाही.

"मी आपला बोलत न्हाय मधी," महिपती म्हणाला. "नियम तुमचा हाय, दादा."

अक्काबाईंनी ताटली पुसून खाल्ली. मग म्हणाल्या, "सुमित स्टँडवर थांबलाय. इथं आला तर वाद होईल म्हणाला."

"कुटं?" सारजा म्हणाली.

"टपरीपाशी उभा आहे. चार वाजल्यापासून."

"जावई स्टँडवर? आन तुमी आत्ता सांगताय?" सारजा त्यांच्यावरही तेवढीच खवळली. बाईंवर आयुष्यात कुणी असं ओरडलं नसावं. त्यांनी चक्क मान खाली घातली. "ज्योत्स्ना! जा, घिऊन ये त्यास्नी. वळखशील न्हवं?"

"फोटो बघितलाय," ज्योत्स्ना म्हणाली, आणि पदर खोचून, सासऱ्याच्या पुढून, चपला घालून निघाली. वर्षभरात ती ओसरीवरून अशी कधी गेली नव्हती.

*

साडेपाचची गाडी गेली. सारजानं दुसरा तवा टाकला होता. प्रतिक्षा चुलीपाशी पाट घेऊन बसली होती, अक्काबाई दारातल्या खुर्चीत. सारजा उलथन्यानं चौकोन पाडत होती आणि एकेक वेगळा करत होती. हा जावयाचा. हा ज्योत्स्नाचा. दोन शंभूराजला, आला की. एक तिनं महिपतीच्या घरी धाडायला वाटीत ठेवला, कारण कितीही झालं तरी तो घरचा होता. एक तिनं स्वतःच्या तोंडात टाकला, उभ्यानंच, भाजेल इतका गरम. तवा रिकामा झाला.

बापूसाहेब आत आले. ओसरीवर एकटं बसवेना, म्हणून आले असतील. ते चुलीच्या डाव्या अंगाला, पोत्यावर टेकले. बराच वेळ वाट्यांकडं बघत बसले. मोजल्या असाव्यात.

"सारजे," ते अगदी हळू म्हणाले. "मला न्हाय का ठिवला?"

अक्काबाईंनी ऐकलं. प्रतिक्षानं ऐकलं, आणि आईकडं बघितलं. सारजा तवा खरवडत होती. खाली धरलेला पापुद्रा तिनं उलथन्यानं सोडवला आणि लेकीच्या ताटलीत टाकला.

बापूसाहेब तिच्या डाव्या कानाच्या बाजूला बसले होते.